जुन्या ट्रॉलीस बॅटरी जोडतांना

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत ट्रॉली ही आतां केवळ माल वाहण्याची गाडी राहिलेली नाहीं. सोयाबीन निघतें तेव्हां तिच्यांत पोतीं चढतात. कापूस वेचला म्हणजे ती जिनिंगच्या दारापुढें रांगेंत उभी राहते, आणि त्या रांगेंत रात्र पडली कीं शेतकरी तिच्याच खालीं गोधडी पसरून निजतो. पुढें हरभरा व गहूं उभा असतां रानडुकरें व रोही यांपासून पीक राखण्यासाठीं जागल करावी लागते. तेथेंही कित्येकांचा आसरा ट्रॉलीच होय. रात्रीची इतकी सोबत असूनही या गाडीस दिवा मात्र बहुधा नसतो. असलाच तर एका बाजूचा लागतो, आणि दुसऱ्या बाजूची कांच फुटून आंत धूळ भरलेली असते.

मी महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य. माझें शिक्षण मराठी मिडल शाळेंत झालें, आणि तेथें विजेच्या धड्यापर्यंत आमचे गुरुजी कधीं पोंचलेच नाहींत. तेव्हां या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला शास्त्रानें दिलेला नाहीं. चूक केली, तिचें फळ घरांतील एका मुलाच्या हातावर उमटलें, आणि मग जाणत्या माणसांस विचारून व स्वतः पाना हातीं धरून जें कळलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

सन २०२१ च्या माघांत मीं एक जुनी ट्रॉली विकत घेतली. ती मालाची नव्हती. रस्त्याच्या कामावरील एका टोळीनें राहण्याकरितां ती करविली होती : दोन चाकांवर लोखंडी सांगाडा, त्यावर पत्र्याची खोली, आंत निजण्यासाठीं दोन फळ्या, एक खिडकी व बाहेर उघडणारें दार. बोअरच्या यंत्राबरोबर किंवा पंजाबांतून येणाऱ्या हार्वेस्टरच्या मंडळींबरोबर अशा चालत्या खोल्या आपण सर्वांनीं पाहिल्या असतील. विलायतेंत व अमेरिकेंत सुखवस्तु लोक अशीच खोली मोटारीच्या मागें जोडून सहलीस जातात. आपल्या राज्य सरकारनेंही २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें आहे. आम्हांस सहलीची हौस नव्हती. माझें शेत राळेगांव तालुक्यांत जंगलपट्टीस लागून आहे. ज्या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता, ती ता. २ नोव्हेंबर २०१८ रोजीं याच तालुक्यांत बोराटीच्या रानांत मारली गेली. ती गेली, तरी उघड्या खाटेवर निजून जागल करण्याचें आमच्या घरच्यांचें मन पुन्हां झालें नाहीं. चारी बाजूंनीं पत्रा असलेली खोली शेतांत ओढून नेतां येते, एवढ्याच लोभानें मीं ती घेतली.

खोलींत दिवा हवा होता. तालुक्याच्या गांवीं एका कारागिरास सांगून ट्रॅक्टरची उतरलेली जुनी बॅटरी फळीखालीं ठेवविली, दोन तारा वर नेल्या, दिवा लागला. फ्यूज घालूं कां, असें त्यानें विचारलें होतें. चाळीस रुपयांचा प्रश्न होता. मींच 'राहूं द्या' म्हटलें. हा तपशील मुद्दाम देतों, कारण पुढें जें झालें त्याचा दोष त्याच्याकडे लोटण्याची सोय मला राहिलेली नाहीं.

फाल्गुनांत एके रात्रीं माझा पुतण्या व मी खोलींत निजलों होतों. पहांटेच्या सुमारास त्यानें मला हालविलें. "काकाजी, उठा, कायतरी जळून रायलं!" पाहतों तों फळीखालून धूर येत होता, आणि पत्र्याच्या कडेनें गेलेली तार चुलींतील सळईसारखी लाल झालेली होती. गोधडीच्या टोंकास ज्वाळा लागली. मला कांहीं सुचण्याच्या आंत त्यानें ती तार हातानें धरून ओढली. तार तुटली आणि प्रकार थांबला. पण तळहाताची कातडी तारेबरोबर गेली. दार आंत उघडणारें असतें आणि गोधडी त्याला अडकती, तर हा लेख लिहिण्यास मी राहिलों नसतों. सहा आठवडे त्याच्या हातास पट्टी होती, आणि त्या वर्षीं हरभऱ्याची सोंगणी त्यानें बांधावर बसून पाहिली.

झालें तें असें. खोलीच्या पत्र्यास भोंक पाडून तार आंत घेतली होती. भोंकाच्या कडेस रबर बसविलें नव्हतें. पांदणींतून ट्रॉली ओढली कीं प्रत्येक धक्क्यासरशीं ती धार तारेवरचें वेष्टण थोडें थोडें कातरीत होती. वेष्टण फाटून आंतलें तांबें लोखंडास लागलें, आणि बॅटरीचें दुसरें टोंक त्याच लोखंडी सांगाड्यास जोडलेलें होतें. दिव्यांतून जावयाचा प्रवाह आतां मध्यें कोणतेंच काम न करितां एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे धावूं लागला.

येथें एक मोठा गैरसमज आहे. बारा व्होल्टचा झटका माणसास बसत नाहीं, म्हणून बॅटरीची वीज निरुपद्रवी आहे असें आपण धरून चालतों. घरच्या विजेस आपण भितों आणि भ्यावें हें योग्यच. पण घरांत तार तारेस लागली तर खटका पडून वीज बंद होते. बॅटरीस असा पहारेकरी नसतो. ट्रॅक्टरचें इंजिन फिरवितांना ती कांहीं सेकंद शेंकडों अँपिअर देते, आणि सरळ टोंकास टोंक मिळालें तर तितकाच प्रवाह ती आपल्या बारीक तारेंतूनही लोटते. तार मग वितळेल नाहीं तर पेटेल. व्होल्ट थोडे असले तरी आग लावण्यास पुरेसे असतात.

म्हणून पहिली गोष्ट फ्यूज. तो बॅटरीच्या धन टोंकापासून एका वितीच्या आंत असावा. दिव्याजवळ बसविलेला फ्यूज मधल्या सर्व तारेस उघडी सोडतो, आणि आमची तार मधेंच कापली गेली होती. फ्यूज हा तारेच्या रक्षणासाठीं असतो, दिव्याच्या नव्हे. त्यामुळें तो तारेच्या जाडीवरून निवडावा. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेस १० अँपिअर व अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेस १५ अँपिअर हें मान मी पाळतों. वारंवार फ्यूज जातो म्हणून त्याच्या जागीं तांब्याचा तंतु किंवा सिगारेटच्या पाकिटांतील चंदेरी कागद घालणारे पुष्कळ आहेत. फ्यूज गेला म्हणजे कोठें तरी दोष आहे असें तो आपणांस कळवीत असतो. त्यास गप्प करून दोष जात नाहीं.

जुनी ट्रॉली घेतली तर तिच्या जुन्या तारांवर विश्वास ठेवूं नये. माझ्या खोलींत मागच्या धन्यानें सहा ठिकाणीं तारा नुसत्या पिळून जोडल्या होत्या; त्यांतल्या दोन जोडांवरची चिकटपट्टी उन्हानें वितळून ओघळली होती. मीं त्या सर्व उपटून काढल्या. नव्या तारा प्लॅस्टिकच्या नळींतून नेल्या, प्रत्येक भोंकास रबरी कडें बसविलें, आणि जोड द्यावयाचा तेथें तांब्याची टोपी दाबून घेतली. या कामास दोन दिवस लागले.

आतां बॅटरी कोणती घ्यावी. आमच्या गांवीं बॅटरी या शब्दानें अजून हातांतली विजेरीच समजतात, आणि माझ्या आईस मीं बॅटरीवर पंखा लावतों म्हटलें तेव्हां तिनें माझ्याकडे काळजीनें पाहिलें. आपण बोलत आहों ती शिशाची व गंधकाम्लाची बॅटरी फ्रान्सांत प्लांते नांवाच्या शास्त्रज्ञानें १८५९ सालीं प्रथम केली. तेव्हां आपल्याकडे सत्तावनचें बंड नुकतेंच शमलें होतें. पुढें १८८१ सालीं फोर यानें शिशाच्या पट्ट्यांवर लेप देण्याची युक्ति काढली, आणि तीच जात थोड्या फेरफारानें आजवर चालत आहे. तिच्यांत सहा कप्पे असतात व प्रत्येक कप्पा दोन व्होल्टांहून किंचित् अधिक देतो.

परंतु या जातींतही दोन पोटजाती आहेत, आणि त्या ओळखल्या नाहींत तर पैसे पाण्यांत जातात. ट्रॅक्टर सुरू करणाऱ्या बॅटरीच्या पट्ट्या पातळ व पुष्कळ असतात. ती क्षणभर मोठा जोर करते आणि लगेच इंजिन तिचें देणें फेडतें. रात्रभर थोडा थोडा प्रवाह काढून ती रोज अर्धी रिकामी केली तर फार दिवस टिकत नाहीं. घरच्या इन्व्हर्टरसाठीं मिळते ती नळीच्या पट्ट्यांची बॅटरी याच्या उलट स्वभावाची : ती एकदम मोठा जोर करण्यास मंद, परंतु हळूहळू देण्यास चिवट. पहिली शर्यतीचा बैल, दुसरी नांगराचा. चालत्या खोलीस नांगराचाच बैल हवा. अलीकडे लिथियमच्याही बॅटऱ्या मिळूं लागल्या आहेत. त्या वजनानें पुष्कळ हलक्या व अधिक दिवस टिकणाऱ्या आहेत. पण किंमत जास्त, आणि त्यांस त्यांच्याच जातीचा चार्जर लागतो. ट्रॅक्टरवरून सरळ तार ओढून त्या भरूं नयेत. तालुक्याच्या गांवीं दुरुस्त करणारा मनुष्य भेटेल ती वस्तु घ्यावी, असें माझें मत असल्यामुळें मीं शिशाचीच घेतली.

किती मोठी घ्यावी, हें दुकानदारास न विचारतां घरीं हिशेब करून ठरवावें. कारकुनीची संवय मला येथें उपयोगी पडली. माझ्या खोलींत ५ वॅटचे दोन एलईडी दिवे रात्रीं पांच तास लागतात, म्हणजे ५० वॅट-तास. २० वॅटचा बारा व्होल्टी पंखा आठ तास, म्हणजे १६०. दोन मोबाईल भरण्यास सुमारें ३०. कुंपणाचें झटका यंत्र ५ वॅटचें धरून बारा तासांचे ६०. एकूण ३०० वॅट-तास. त्यास १२ नें भागिलें म्हणजे २५ अँपिअर-तास येतात. शिशाची बॅटरी अर्ध्याहून अधिक रिकामी करूं नये, म्हणून ही संख्या दुप्पट करावी, म्हणजे ५०. आणि एखादा ढगाळ दिवस व बॅटरीचें वय यांसाठीं कांहीं वर ठेवावें. मीं ८० अँपिअर-तासांची घेतली. दुकानांत मला १५० ची गळ घालीत होते. ती रोज पुरती भरली गेली नसती, आणि अर्धवट भरलेली बॅटरी पडून राहिली कीं तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे खडे धरतात व ते पुढें विरघळत नाहींत.

बॅटरी फळीखालीं ठेवण्याची चूक मीं पुन्हां केली नाहीं. भरत असतां ती हायड्रोजन वायु सोडते. हवेंत तो शेंकडा ४ इतका झाला तरी एका ठिणगीनें भडका होतो, आणि बंद पत्र्याच्या खोलींत जागल करणारा मनुष्य विडी पेटविल्यावांचून रहात नाहीं. म्हणून दोन्ही चाकांच्या पुढें, जोडदांड्यावर लोखंडी पेटी बसवून बॅटरी तींत ठेविली. हायड्रोजन हवेहून हलका असल्यामुळें पेटीस भोंकें वरच्या अंगास पाडावीं. खालीं पाडलेलीं एकटीं उपयोगाचीं नाहींत. पेटीच्या तळाशीं रबराचा तुकडा, वरून आडवी पट्टी व पेटीस कुलूप. ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चोरीस जातात हें सांगण्याची जरूर नाहीं. पट्टी चोरासाठीं नाहीं, ती पांदणीच्या धक्क्यांसाठीं आहे. सैल बॅटरी हादरून आंतल्या पट्ट्यांचा लेप झडतो.

पेटी सांवलींत यावी अशी सोय करावी. आमच्याकडील वैशाखांत पारा पंचेचाळिसाच्या घरांत जातो, आणि उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं बॅटरीचें आयुष्य सुमारें निम्मे होतें असा तज्ज्ञांचा ठोकताळा आहे. पेटीवर पांढरा रंग देणें हा स्वस्त उपाय आहे.

जोडण्याचा क्रम लहान दिसतो, पण त्यांतच पुष्कळांचे हात भाजले आहेत. जोडतांना धन टोंक आधीं व ऋण टोंक शेवटीं; काढतांना ऋण आधीं व धन शेवटीं. कारण सोपें आहे. ऋण टोंक सांगाड्यास लागलेलें असतां आपण धन टोंकावर पाना फिरविला आणि पान्याचें शेपूट पेटीच्या लोखंडास लागलें, तर पाना स्वतःच तार होतो. ऋण सुटें असेल तर पाना लागूनही कांहीं होत नाहीं. हातांतील आंगठी व कडें काढून ठेवावें. शेवटची जोडणी करतांना कधीं बारीक ठिणगी पडते. त्यापूर्वीं पेटीचें झांकण कांहीं वेळ उघडें ठेवून वायु जाऊं द्यावा. टोंकें घासून चकचकीत करावीं, नट घट्ट आंवळावा व वरून व्हॅसलीनचा हात द्यावा, म्हणजे पांढरा हिरवा क्षार धरत नाहीं. अतिशय जुना विलायती ट्रॅक्टर असेल तर आधीं नीट पाहावें. त्या काळीं कांहीं कारखाने धन टोंकच सांगाड्यास जोडीत असत.

येथवर खोलीच्या दिव्याचें झालें. मागच्या लाल दिव्याची गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मतें ती अधिक महत्त्वाची. खोलीचा दिवा नसला तर आपण अंधारांत बसूं. मागचा दिवा नसला तर दुसऱ्या कोणाच्या घरीं अंधार होतो. पांढरकवडा, करंजी, वडकी या बाजूनें नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो. कापसाच्या हंगामांत त्या रस्त्यावर संध्याकाळनंतर ट्रॉल्या चालतात, आणि वर भरलेला कापूस दोन्ही बाजूंस फुगून मागचे दिवे असले तरी झांकून टाकतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत मागचा लाल दिवा १५५ मीटरांवरून दिसावा असें सांगितलें आहे. हा आंकडा कोणी उगीच घातलेला नाहीं. ताशीं ६० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदास सुमारें १७ मीटर जाते. म्हणजे १५५ मीटरांवरून ट्रॉली दिसली तर मोटारवाल्यास नऊ सेकंद मिळतात. बिनदिव्याची मळकी ट्रॉली त्याच्या दिव्यांच्या उजेडांत पन्नास मीटरांवर दिसली तर तीन. नोकरींत असतां अशा अपघातांचे कागद माझ्या टेबलावरून गेले आहेत. पंचनाम्यांत 'ट्रॉलीस मागें दिवा अगर परावर्तक नव्हता' हें वाक्य मीं इतक्या वेळां नकलून काढलें कीं तें मला पाठ होतें.

हे मागचे दिवे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतात. तार सात खुंट्यांच्या जोडणींतून ट्रॉलीवर येते. बाजारांत मिळणाऱ्या ठरीव जोडणींत पांढरी तार ऋणाची, पिवळी डाव्या इशाऱ्याची, हिरवी उजव्या इशाऱ्याची, तांबडी थांबण्याच्या दिव्याची, काळी व तपकिरी डाव्या-उजव्या मागच्या दिव्यांची असते. जुन्या ट्रॉलींत मात्र रंगावर जाऊं नये. माझ्या ट्रॉलींत सर्वच तारा तांबड्या होत्या. बहुधा तेंच वेटोळें स्वस्त मिळालें असावें. एकेक तार चांचणी-दिव्यानें तपासून तिच्यावर कागदाची चिठ्ठी बांधावी.

ट्रॉलीचा दिवा लागत नाहीं म्हणून दहांतल्या सात वेळां बल्ब बदलला जातो, आणि बल्ब चांगलाच असतो. खरा दोष ऋण बाजूस असतो. पुष्कळ ट्रॉल्यांत ऋणाची वेगळी तार घालीतच नाहींत. ट्रॅक्टर व ट्रॉली यांस जोडणाऱ्या खुंट्यावरून तो प्रवाह परत जाईल असें धरतात. त्या खुंट्यास गंज, रंग, वंगण आणि आमच्या काळ्या मातीचा थर असतो. ट्रॉली हालली कीं स्पर्श होतो व सुटतो. याची खूण अशी : एका बाजूचा इशारा दिवा लावला असतां दुसरे दिवेही त्याच्याबरोबर मिणमिणूं लागले, तर ऋणाची वाट नीट नाहीं हें निश्चित समजावें. प्रवाहास परत जाण्याचा रस्ता मिळाला नाहीं म्हणजे तो दुसऱ्या दिव्यांतून उलटा शिरून वाट काढतो. दिवे लावून मल्टिमीटरची एक सुई ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या ऋण टोंकावर व दुसरी मागच्या दिव्याच्या लोखंडी बुडावर धरावी. कांटा शून्याजवळ रहावयास हवा. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दाखविला तर वेगळी ऋण तार ओढल्यावांचून गत्यंतर नाहीं.

तार बारीक घेण्याचाही मोह होतो. ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून ट्रॉलीच्या शेपटापर्यंत ८ मीटर, परत ८, मिळून १६ मीटर. २१ वॅटचे दोन जुन्या पद्धतीचे बल्ब सुमारें साडेतीन अँपिअर ओढतात. एक चौरस मिलिमीटरची तार असेल तर वाटेंतच एक व्होल्टाहून अधिक खर्च होतो; अडीचची असेल तर अर्ध्याहून कमी. बारांतला एक व्होल्ट गेला तर काय मोठें, असें वाटेल. पण तापणाऱ्या तंतूच्या बल्बाचा उजेड व्होल्टापेक्षां पुष्कळ अधिक वेगानें उतरतो, आणि लाल कांचेमागें तो उजेड १५५ मीटर जात नाहीं. एलईडीचे दिवे घेतले तर प्रवाह थोडा लागून हा प्रश्न बराच सुटतो. मात्र दिवे मिळोत न मिळोत, लाल परावर्तक पट्ट्या आजच लावाव्या. त्यांस बॅटरीही लागत नाहीं आणि कारागीरही लागत नाहीं.

खोलीची बॅटरी भरावी कशी? पहिला विचार असा येतो कीं ट्रॅक्टरच्या बॅटरीपासून एक तार तिला कायमची जोडून द्यावी. तसें करूं नये. दोन बॅटऱ्या एकत्र बांधल्या कीं दुबळी सबळ बॅटरीस ओढून खालीं आणते. रात्रभर पंखा चालला तर सकाळीं ट्रॅक्टर सुरू होत नाहीं, आणि दोन्हीपैकीं कोणतीच कामाची रहात नाहीं. इंजिन चालू असेल तेव्हांच जोड देणारा रिले मधें घालावा, तार जाड घ्यावी, व तिच्या दोन्ही टोंकांस फ्यूज ठेवावा, कारण दोन्ही टोंकांस बॅटरी आहे.

मीं हा खटाटोप न करितां छपरावर १०० वॅटची सौर पट्टी बसविली. हिंवाळ्यांतील निरभ्र दिवशीं ती घट वजा जातां सुमारें ३०० वॅट-तास देते, म्हणजे माझ्या रात्रीचा खर्च जेमतेम निघतो. श्रावणांत त्याची चौथाई पडली तरी नशीब. पण त्या दिवसांत चिखलांतून खोली ओढतां येत नाहीं, तेव्हां ती गोठ्यापाशींच उभी असते. पट्टी व बॅटरी यांच्या मधें चार्ज-नियंत्रक अवश्य घालावा, नाहीं तर भरलेल्या बॅटरींत प्रवाह जातच राहून पाणी उकळून उडतें. नियंत्रकास आधीं बॅटरी जोडावी व मग पट्टी. काढतांना पट्टी आधीं. त्यास आपली बॅटरी किती व्होल्टची आहे हें बॅटरीवरूनच कळतें.

झटका यंत्रासंबंधीं दोन शब्द येथेंच लिहितों, कारण पुष्कळजण तें याच बॅटरीवर लावतात. हें यंत्र साधारण सेकंदास एकदां, सेकंदाच्या हजारांशाहूनही कमी काळ टिकणारा ठोका कुंपणावर सोडतें; जनावर दचकून मागें फिरतें, मरत नाहीं. त्याची भूतार वेगळी सळई जमिनींत ठोकून द्यावी. ट्रॉलीच्या सांगाड्यास ती जोडली तर दारांत पाय ठेवणाऱ्यास ठोका बसतो. आमच्या सालदारानें तो घेतला आणि दोन दिवस खोलीकडे फिरकला नाहीं. खांबावरची २३० व्होल्टची वीज सरळ कुंपणास लावणें ही गोष्ट निराळी. तिनें डुकराबरोबर शेजाऱ्याचा मुलगाही मरतो, आणि लावणाऱ्यावर मनुष्यवधाचा खटला होतो. यंत्राची किंमत भारी वाटून तो मार्ग धरणारे आमच्या भागांत अजून आहेत.

निगा थोडी आहे, पण ती तारीख लिहून करावी. महिन्यांतून एकदां बुचें उघडून पाणी पाहावें. आंतल्या पट्ट्या बुडून वर बोटाच्या रुंदीइतकें पाणी हवें. घालावयाचें तें बॅटरीचें शुद्ध पाणीच. आमच्या विहिरींचें पाणी क्षारांनीं जड आहे; तें चुलीवरच्या भांड्यास जें करतें तेंच बॅटरीस करतें. आम्ल कधीं वरून घालूं नये, कारण उडून जातें तें पाणी, आम्ल नव्हे. पाणी बॅटरी भरल्यानंतर घालावें. आधीं घातलें तर भरतांना तें उसळून बाहेर येतें. तें अंगावर उडालें तर भरपूर पाण्यानें धुवावें, डोळ्यांत गेलें तर पंधरा मिनिटें पाण्याची धार धरून दवाखाना गांठावा. पेटींत सांडलें तर खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून ओतावा. सुती सदऱ्यास त्या दिवशीं कांहीं दिसत नाहीं. धुवून आणला म्हणजे भोंकें पडतात. कपाशीच्या जिल्ह्यांत राहून हें मला तीन सदरे गेल्यावर कळलें.

बॅटरी कितपत भरली आहे तें पाहण्यासाठीं कांहीं तास तिला विसांवा देऊन मल्टिमीटर लावावा. १२.६ ते १२.७ दाखविलें तर पूर्ण, १२.२ च्या आसपास तर अर्धी, आणि १२ च्या खालीं गेली तर त्याच दिवशीं भरावयास लावावी. माझ्या खोलीच्या दाराच्या आंतल्या बाजूस एक वही टांगली आहे. तींत तारीख, सकाळचे व्होल्ट व पाणी घातलें कीं नाहीं, एवढे तीन रकाने आहेत. पेरेपत्रकें भरण्यांत हयात गेली, तेव्हां रकान्यांवांचून मला चैन पडत नाहीं असें घरचे म्हणतात. पण आतां ती वही पुतण्याच भरतो, उजव्या हातानेंच. त्या तळहाताची दोन बोटें थंडीच्या दिवसांत नीट मिटत नाहींत.

गेल्या आठवड्यांत शेजारच्या शेतकऱ्यानें जुनी मालाची ट्रॉली आणली व मला दिवे पाहण्यास बोलाविलें. मागचे दोन्ही दिवे बंद होते आणि त्यानें नव्या बल्बांची जोडी आणून ठेविली होती. खुंट्याजवळ सहा फूट पांढरी तार ओढली, सांगाड्याचा रंग एक रुपयाएवढ्या जागीं घासून काढला व बोल्ट आंवळला. जुनेच बल्ब लागले. नवी जोडी त्यानें दुकानांत परत केली, आणि त्या पैशांच्या लाल पट्ट्या घेऊन आला.